सणासुदीचे गोड बंद न करता मुलांचे दात कसे सांभाळावेत?

मूळ प्रश्न: आम्ही नोकरीनिमित्त पुण्याहून जळगावला राहायला आलो. मुलगी सहा वर्षांची आहे. इथे संक्रांतीपासून आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) शेजारीपाजारी काही ना काही गोड देतच असतात. दातांच्या डॉक्टरांनी तिच्या दोन दाढा किडू लागल्याचे सांगितले आहे. गोड पूर्ण बंद करावे का, आणि रोज नेमके काय करावे?

उत्तर:

ताई, गोड पूर्ण बंद करण्याची गरज नाही आणि खानदेशात राहून ते जमणारही नाही; बदलायचे आहे ते गोड खाण्याचे वेळापत्रक. मी दंतवैद्य नाही. अमळनेर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकतीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले, म्हणजे नेमकी ज्या वयात दुधाचे दात पडतात आणि कायमचे येतात त्या वयाची मुले रोज समोर पाहिली. त्याहून अधिक मी शिकले ते माझ्या मुलाच्या एका दाढेपासून, आणि त्या शिक्षणाची किंमत त्याने मोजली.

आधी होळीच्या हारकंगणाविषयी लिहिते, कारण दात का किडतात हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. लाकडी साच्यात दोरा ठेवून त्यावर साखरेचा पाक ओततात आणि पांढऱ्या, केशरी, गुलाबी पदकांची माळ तयार होते. मामाकडून किंवा आजोळहून ती आली की मूल ती गळ्यात घालून गल्लीभर मिरवते. माझ्या मुलाने पाच वर्षांचा असताना ती माळ दोन दिवस गळ्यातून काढली नव्हती. खेळता खेळता हात वर जाई, एक पदक तोंडात जाई, दोनदा चोखून ओले झालेले पुन्हा छातीवर लोंबे. संध्याकाळी मान चिकट, सदरा चिकट आणि उशीवर मुंग्या. दोन दिवसांत त्याने साखर किती खाल्ली असेल? फार तर चार-पाच पदके. तेवढी साखर तो जेवणाच्या ताटावर एका बैठकीत खाता, तर दातांचे नुकसान पुष्कळ कमी झाले असते.

त्याचे कारण असे की आपल्या तोंडात कायम राहणारे जिवाणू दातांवर पातळ, चिकट थर धरून बसलेले असतात आणि साखर मिळाली की काही मिनिटांत तिचे आम्ल करतात. तोंडातील सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातील कॅल्शियम व फॉस्फेट झिरपून बाहेर पडू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते आणि गेलेले क्षार थोडेफार परत बसवते, पण त्यासाठी तिला अर्धा ते एक तास उसंत लागते. मूल दर वीस मिनिटांनी पदक चोखत राहिले तर ही उसंत दिवसभर मिळतच नाही. म्हणून किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले आणि ते दाताला किती वेळ चिकटून राहिले, याचा हिशेब ठेवावा लागतो. प्रमाण मोकाट सोडावे असा याचा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, आणि शक्य झाल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. मोठ्या माणसाला ५ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, सहा चमचे. मुलांचे त्याहून कमी. दोन वेळचा गोड चहा आणि बिस्किटे यांतच त्यातला बराचसा भाग संपतो, सणाचे ताट तर अजून वाढायचेच असते.

या दृष्टीने पाहिले तर आपले सण वाटतात तितके वैरी नाहीत. आखाजीला खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, सांजोऱ्या असे सगळे असते, पण ते पंगतीला बसून, वरण-भाताबरोबर, चावत, भरपूर लाळ सुटत असताना खाल्ले जाते, आणि उठल्यावर हात धुताना खळखळून चूळ भरण्याची आपली जुनी रीत आहे. कानबाई देवीच्या सणातल्या रोटांचेही तसेच. घोटाळा होतो तो सणानंतरच्या आठवड्यात, जेव्हा उरलेल्या सांजोऱ्यांचा डबा मुलाच्या हाताला लागेल अशा फळीवर असतो आणि येता-जाता एकेक उचलली जाते. तो डबा वर ठेवा आणि सांजोरी जेवणाबरोबर किंवा जेवण संपता संपता द्या. एवढ्या एका बदलाने माझ्या नातीच्या बाबतीत निम्मा प्रश्न सुटला.

संक्रांत तोंडावर आहे म्हणून तिळगुळाचेही सांगते. तीळ कॅल्शियमने समृद्ध आहेत आणि शरीराला चांगले आहेत, पण लाडू खाल्ल्याने त्यातले कॅल्शियम किडलेल्या जागी जाऊन बसत नाही. गूळ नैसर्गिक म्हणून दात किडत नाहीत, हा समज तर मी शिक्षक-खोलीतही ऐकला आहे. गुळातही मुख्यतः तीच साखर असते आणि दातावरचा जिवाणू उसाचा रस किती आटवला हे विचारत नाही. पाकातला कडक लाडू दाढेच्या खाचांत घट्ट रुतून बसतो, म्हणून मुलांसाठी तीळ व दाण्याचे कूट घालून मऊ, खुसखुशीत वळलेला लाडू बरा, आणि वरून पाणी. तिळगुळाबरोबर वाटतात तो साखरेचा हलवा मात्र चघळण्याचाच पदार्थ आहे, तेव्हा त्याला हारकंगणाचाच नियम लावा: येता-जाता चोखणे नाही, जेवणाबरोबर एका बैठकीत.

हिवाळ्यात या भागात गोडाशिवायही जिभेला इतके काही मिळते की मुलाचा हात तिकडे वळवणे अवघड नाही. शेतात भाजलेला हरभऱ्याचा हुळा, गरम हुरडा, कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत, ही सगळी दातांना निरुपद्रवी मौज आहे. मेहरूणची बोरे मुलांना जरूर द्या. फळातली मूळची साखर आणि तिच्यासोबत येणारा चोथा यामुळे ती चघळगोळीसारखी वागत नाहीत, फक्त बी फोडायला दाढेखाली धरू नये एवढे बजावा. पेरूचेही तेच. केळी आपल्याकडे घरोघरी असतात आणि केळे हे चांगले फळ आहे, पण केळ्याच्या वेफर्सना मी त्या माळेत बसवत नाही. वेफर्स खारट असतात म्हणून आपण ते दातांच्या हिशेबात धरत नाही. प्रत्यक्षात त्यांचा चुरा दाढेच्या खाचांत तासभर लगद्यासारखा बसून राहतो आणि पिष्टाची (स्टार्चची) साखर तोंडातच होऊ लागते. रात्रीच्या ब्रशला मुलाच्या खालच्या दाढा बॅटरीच्या उजेडात एकदा पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते दिसेल.

उन्हाळ्यात रसवंतीवरचा लिंबू पिळलेला उसाचा रस, कैरी, चिंच, बर्फाचा गोळा यांचे दिवस येतात. आंबट पदार्थ दाताचे आवरण काही काळ मऊ करतात, म्हणून ते खाल्ल्यावर लगेच ब्रश चोळू नये. पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावे. रस प्यायचा तर एका बैठकीत संपवावा, बाटलीत भरून दुपारभर घोट घेत बसू नये. आणि गोळ्याचा बर्फ कडाकडा चावू नये, त्याने दाताला बारीक तडा जाऊ शकतो.

आता रोजच्या सवयीकडे येते. सकाळच्या ब्रशचा आग्रह सगळेच धरतात, पण अधिक मोलाचा आहे तो रात्रीचा, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते आणि दातांवर राहिलेले अन्न रात्रभर निर्धास्तपणे आंबते. ब्रश झाल्यावर साखर घातलेले दूध दिले की सगळे व्यर्थ. दूध आधी, ब्रश नंतर, आणि मग फक्त पाणी. सहा वर्षांच्या मुलीला स्वतः ब्रश करू द्या, पण शेवटचा हात तुमचा असू द्या. बुटाची नाडी नीट बांधता येईपर्यंत, म्हणजे साधारण सात-आठ वर्षांपर्यंत, मुलांच्या मनगटाला ते बारीक काम साधत नाही. तिच्या मागे उभे राहा, तिचे डोके आपल्या पोटाशी टेकवून हनुवटी वर करा, म्हणजे वरच्या दाढा दिसतील. मऊ केसांचा लहान ब्रश, हिरडीच्या कडेशी हलके गोल फिरवत, एकूण दोन मिनिटे. केस पसरले की, किंवा तीन महिन्यांनी, ब्रश बदलावा.

टूथपेस्ट फ्लोराइडची आहे का, हे नळीवर वाचून घ्या. प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) छापलेले असते आणि ते १००० च्या आसपास असावे. फ्लोराइड हे लाळेतले क्षार दातावर परत बसायला मदत करते आणि बसलेला थर आम्लाला सहज दाद देत नाही. सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी दाखवतात तशी मुळीच नको. ब्रशनंतर पेस्ट थुंकायची, पण पाण्याने खळखळून धुवायची नाही, नाहीतर फ्लोराइडही वाहून जाते. आयुष्यभर दहा चुळा भरल्याशिवाय तोंड स्वच्छ झाल्याचे न वाटणाऱ्या आम्हा लोकांना ही गोष्ट फार जड जाते. मला स्वतःला ती जमायला सहा महिने लागले. तुमच्याकडे बोअरवेलचे पाणी पिण्यात असेल तर ते एकदा तपासून घ्या, कारण पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर वाढत्या वयातील दातांवर डाग पडतात.

दातवण वाईट नाही. माझे वडील शेतात जाताना निंबाची काडी चावत आणि म्हातारपणी त्यांचे दात शाबूत होते. पण त्या काळी घरात बिस्किटे नव्हती, ही गोष्ट तो दाखला देताना आपण विसरतो. राखुंडी आणि खरखरीत दंतमंजने मात्र आवरण घासून काढतात. मिश्री तर मुलांच्या नजरेसमोरही नको. ती भाजलेली तंबाखूच आहे. आमच्या आजीला ती दिवसातून चार वेळा लागे, हिरड्या सुटल्या, दात हलू लागले, तरी ती ‘दात शेकायला’ म्हणून लावत राहिली.

आता माझ्या मुलाच्या दाढेविषयी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी आधीचा कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती गाजावाजा न करता येते आणि घरचे तिला दुधाचीच समजतात. मुलाच्या त्या दाढेवर सातव्या वर्षी काळा ठिपका दिसला तेव्हा मीही म्हणाले, ‘पडणारच आहे.’ नवव्या वर्षी गाल सुजला आणि दवाखान्यात कळले की ती कायमची होती. तोवर ती काढण्यापलीकडे काही उरले नव्हते. पुढे शेजारची दाढ त्या मोकळ्या जागेत कलली आणि आज पस्तिशीतही तो एकाच बाजूने चावतो. त्याच्या आधीच्या वर्षी मी वर्गात ‘आपले दात’ हा धडा तक्ता लावून शिकवला होता.

म्हणून आज रात्री एक करा. मुलीच्या समोरच्या दातांमधल्या रेषेपासून मागे मोजत जा, पडलेल्या दाताची जागाही मोजा. पहिले पाच दुधाचे, सहावी दाढ दिसली तर ती कायमची. किडू लागलेल्या दोन दाढा चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या असतील तर त्या दुधाच्या आहेत, पण त्याही साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. त्या लवकर गेल्या तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा जाते, म्हणून त्या भरून घ्या. सहावी आली असेल तर तिच्या वरच्या खोल खाचा सीलंटने (पातळ संरक्षक लेपाने) बंद करून घेण्याविषयी डॉक्टरांना विचारा. टोचणे-कोरणे नसलेले, थोड्या वेळाचे काम असते. अर्धवट वर आली असेल तर पूर्ण येईपर्यंत तिच्यावर ब्रश आडवा धरून घासा, कारण ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते आणि सरळ फिरणारा ब्रश तिला शिवतही नाही.

आणि होळीला तिच्या गळ्यात हारकंगण जरूर घाला, इथे आलात तर ती हौस चुकवू नका. आमच्या नातीचे हारकंगण फोटो काढून झाले, गल्लीत मिरवून झाले की त्याच संध्याकाळी मी दोरा कापते आणि पदके स्टीलच्या डब्यात ठेवते. रोज दुपारच्या जेवणाच्या शेवटी एक पदक, ते चोखायचे नाही, चावून संपवायचे आणि चूळ भरायची. गेल्या वर्षी डबा रामनवमीपर्यंत पुरला असता. शेवटची तीन पदके मुंग्यांनी आधीच गाठली.