बॅटरी घ्यावी, की पंपाची वेळ बदलावी?

प्रश्न: पुण्यातील आमच्या ४० सदनिकांच्या सोसायटीची १२ लाखांची ठेव ७ टक्के व्याजाने आहे. दुपारची स्वस्त वीज साठवून ती संध्याकाळी सामायिक कामांसाठी वापरता यावी म्हणून ९ लाखांची बॅटरी घ्यावी का? – सचिव

उत्तर: सचिव महोदय, ही ठेव आत्ता मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूर्य मावळू लागला की सौरवीज झपाट्याने उतरते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. म्हणूनच केंद्राच्या २०२३ च्या नियमदुरुस्तीत सौर तासांतील (दिवसा सौरवीज भरपूर मिळते त्या वेळेतील) दर किमान २० टक्के कमी आणि घरगुती ग्राहकांसाठी मागणीच्या कमाल तासांतील दर किमान १० टक्के जास्त ठेवण्याची तरतूद झाली. स्मार्ट मीटर बसल्यावर असा वेळेनुसार बदलणारा दर लागू करावा, असे त्या नियमांत म्हटले आहे.

हिशेबापुरता मूळ दर युनिटला १० रुपये धरू, म्हणजे वरच्या टक्केवारीने दुपारी ८ आणि संध्याकाळी ११ रुपये. प्रत्यक्ष आकडा आपल्या बिलावरून घ्यावा. बॅटरीतून संध्याकाळी ४० युनिट मिळवायची, तर घट धरून दुपारी सुमारे ४४ भरावी लागतील. ४४० रुपयांची वीज वाचेल, पण त्यासाठी ३५२ रुपये मोजावे लागतील. म्हणजे दिवसाला ८८ आणि वर्षाला सुमारे ३२,००० रुपये हाती राहतील. त्याच ९ लाखांवर आज ६३,००० रुपये व्याज मिळते, शिवाय बॅटरीची क्षमता वर्षागणिक घटत जाणार, ते वेगळेच.

आपण पत्रात ओघात लिहिलेली एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. नळाचे पाणी सकाळी येऊन खालच्या टाकीत पडून राहते आणि वॉचमन सवयीने संध्याकाळी साडेसहाला पंपाचे बटण दाबतो. गच्चीवरची टाकी दुपारी भरून ठेवली, तर तीच आपली बॅटरी ठरते, आणि ती आपल्याकडे आधीपासूनच आहे. पंपांना रोज २५ युनिट लागत असतील, तर केवळ वेळ बदलल्याने वर्षाला सुमारे २७,००० रुपये वाचतील. मात्र दुपारी भरलेले पाणी दुसऱ्या दुपारपर्यंत पुरते का, हे आठवडाभर पाहून मगच टाइमर आणि पाणीपातळीचा सेन्सर बसवावा. दोन्ही पंप एकदम सुरू होऊ देऊ नयेत. वाहनांचे चार्जिंगही जमेल तेवढे दुपारीच करावे.

वीज वारंवार जाऊन लिफ्टसाठी जनरेटर चालवावा लागत असेल, तर हिशेबात डिझेलचा खर्चही धरावा लागेल. तसे असल्यास गेल्या १२ महिन्यांची डिझेलची बिले पाठवावीत. बॅटरीचा विचार त्यानंतर पुन्हा करू.