टायटल वनचं पत्र आलं, आता काय करायचं?

टायटल वन म्हणजे अभ्यासात मदत लागणाऱ्या मुलांसाठी अमेरिकेतल्या शाळांना मिळणारा केंद्र सरकारचा निधी. ऑक्टोबर उजाडला की तिथल्या मराठी आईवडिलांकडून मला हमखास एक प्रश्न ऐकू येतो. "शाळेतून टायटल वनचं पत्र आलंय. आमचं मूल ढ आहे का? की शाळा आम्हाला गरीब समजते?" आणि मग आवाज खाली आणून, "याचा ग्रीन कार्डावर काही परिणाम?"

एका जोडप्याचं सांगते, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. वडील सॉफ्टवेअरमध्ये. आई भारतात असताना शिक्षिका होती. मुलगी तिसरीत. वाचनात मागे पडते म्हणून शाळा तिला टायटल वनच्या पैशातून आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास, लहान गटात घेत होती. मंडळातल्या कुणालाही त्यांनी हे कळू दिलं नव्हतं. गट बंद करा अशी मेल वडिलांनी लिहून ठेवली होती, फक्त पाठवायची बाकी होती.

"शिकवणी लावू हवं तर. सरकारी मदत नको," ते म्हणाले.

"ही मदत कुणाच्या नावावर येते?"

"आमच्याच, नाही का?"

घोळ इथेच होतो. टायटल वन हा १९६५ च्या शिक्षण कायद्याचा भाग, २०१५ मध्ये त्याची शेवटची मोठी फेररचना झाली. केंद्राचा पैसा राज्याकडे, तिथून डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडे, आणि मग शाळेकडे जातो. कुठल्या शाळेला किती, हे साधारणपणे कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं किती आहेत त्यावर ठरतं. पण शाळेच्या आत गटात कुणाला घ्यायचं हे आईवडिलांच्या पगारावर ठरत नाही. जिथे अशी मुलं ४० टक्के किंवा जास्त, ती शाळा हा पैसा सगळ्याच मुलांसाठी वापरू शकते. बाकी ठिकाणी ज्याला अभ्यासात सर्वांत जास्त गरज, त्याला निवडतात, आणि तेही एका परीक्षेवर नाही, अनेक निकष लावून. पालकांनी यासाठी मदतीचा अर्ज केलेला नसतो आणि त्यांच्या नावावर एक डॉलरही पडत नाही. व्हिसाच्या बाकीच्या शंका वकिलाला विचाराव्यात, पण या गटाची धास्ती घेऊ नये.

वडिलांना हे पटलं. आईच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र तसाच राहिला. मूल अडखळतं तेव्हा मी आधी घर बघते. इतक्या वर्षांत याच वाटेने मला बहुतेक उत्तरं सापडली आहेत. म्हणून पुढच्या वेळी मुलीशी एकटीशी बोलले.

"त्या छोट्या खोलीत काय करतेस?"

तिने दाराकडे पाहिलं. "आईला सांगणार नाही ना?"

"तू नको म्हणालीस तर नाही."

"मला तिथे आवडतं. अडलं की बाई थांबतात. वर्गात कुणी थांबत नाही."

मनाची तयारी झाल्यावर हे तिने स्वतःच आईला सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी रोज विचारायचे, आजही नेलं का गं तुला?" त्या 'नेलं'मध्ये सगळं आलं. लाज मोठ्यांची होती, आणि ती आठ वर्षांची पोर सांभाळत होती. जे आवडतं ते लपवायचं, म्हणजे तिथे शिकलेलंही घरी दाखवायचं नाही. वाचन पुढे सरकत नव्हतं त्याचं एक मोठं कारण मला इथे दिसलं.

वडिलांची ती मेल आम्ही नव्याने लिहिली. त्यात चार प्रश्न होते: कोणत्या निकषांवर निवडलं? गटात नेमकं कशावर काम चालतं, अक्षर-उच्चारांवर, वेगावर की आकलनावर? प्रगती किती आठवड्यांनी मोजता आणि तो आलेख आम्हाला कधी दाखवाल? कुठल्या तासातून तिला उठवता? चौथा प्रश्न बहुतेक पालक विसरतात. निवडक मुलांसाठी गट चालवणाऱ्या शाळेने मुलांना नेहमीच्या वर्गातून शक्य तितकं कमी उठवावं, असं कायदाच सांगतो. ही मुलगी विज्ञानाच्या तासाला उठत होती, तो तिचा लाडका विषय. विचारल्यावर आठवड्याभरात वेळ बदलली. आणखी एक विचारता येतं: गट घेणारी व्यक्ती शिक्षक आहे की सहायक, आणि तिची पात्रता काय. हे विचारण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, कुणी उद्धट समजत नाही.

मग 'स्कूल-पॅरेंट कॉम्पॅक्ट', म्हणजे शाळा आणि पालकांमधला लेखी करार. टायटल वनच्या शाळेत हा कागद असावाच लागतो, शाळेने काय करायचं आणि घरी काय व्हायचं ते त्यात असतं. आपण तो सहलीच्या परवानगीच्या कागदासारखा सही करून दप्तरात परत टाकतो. खरं तर तो पालकांसोबत बसून तयार व्हायला हवा, आणि प्राथमिक शाळेत वर्षातून निदान एकदा पालक-शिक्षक भेटीत त्यावर बोलणं व्हायला हवं. यांच्या कागदावर होतं, 'घरी रोज २० मिनिटं वाचन'. मुलीचं इंग्रजी सुधारावं म्हणून यांनी घरातलं मराठी बंद केलं होतं. मी आईला म्हटलं, मराठी वाचलं तर चालेल का ते विचारा. बाईंचं उत्तर आलं, उत्तम, आणि वाचून झालं की गोष्टीवर गप्पा मारा. मराठीने इंग्रजी बिघडत नाही. आईतली शिक्षिका त्या दिवशी जागी झाली.

शाळेला वर्षातून एकदा टायटल वनची सभा घ्यावीच लागते. अनेक ठिकाणी ती बॅक-टू-स्कूल नाइटला, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीच्या पालकांच्या संध्याकाळी, दहा मिनिटांत उरकते, म्हणून तारीख ऑफिसात आधीच विचारून ठेवा. वेळ जमत नसेल तर दुसरी मागा, सभा सकाळी-संध्याकाळी अशा सोयीच्या वेळी ठेवणं अपेक्षित आहे. पाच लाख डॉलरपेक्षा जास्त निधी मिळणाऱ्या डिस्ट्रिक्टला किमान १ टक्का पालकांच्या सहभागासाठी राखावा लागतो, आणि तो कसा खर्च करायचा यात पालकांचं मत घ्यावं लागतं. सभेत एवढंच विचारा: यंदा तो पैसा कशावर जाणार? आजी-आजोबा मूल सांभाळत असतील आणि इंग्रजी अवघड जात असेल तर दुभाषा मागा. मुलालाच दुभाषा करू नका.

शेवटी एक धोक्याची जागा. टायटल वनचा गट म्हणजे स्पेशल एज्युकेशन, म्हणजे अपंगत्व किंवा शिकण्यातली अडचण असलेल्या मुलांसाठीचं विशेष शिक्षण, नव्हे. काही महिने आलेख सपाट राहिला, अक्षरं उलटसुलट होत राहिली, तर डिस्लेक्सियासारख्या (वाचायला शिकण्यातल्या) अडचणीसाठी पूर्ण मूल्यमापनाची लेखी विनंती करा. "आधी गटात किती फरक पडतो ते पाहू," असं उत्तर हमखास येतं. गट चालू आहे या कारणाने मूल्यमापन लांबवता किंवा नाकारता येत नाही, हे केंद्रीय शिक्षण खात्याने २०११ मध्येच राज्यांना कळवलं आहे. नकार द्यायचाच असेल तर शाळेने तो कारणांसह लेखी द्यायला हवा. विनंतीवर तारीख घाला, प्रत घरी ठेवा, आणि गट तोवर चालू राहू द्या.