भावाचा सगळ्यात जास्त अभिमान तुम्हाला कधी वाटला?

17 सप्टेंबर 2016, सकाळची वेळ. लातूर जिल्ह्यातलं आमचं गाव, ग्रामपंचायतीसमोरचा झेंड्याचा कट्टा, आणि दोरीला हात माझ्या दादाचा.

मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते, हा आमचा मुक्तिसंग्राम दिन. देश 1947 ला स्वतंत्र झाला, पण आम्ही निजामाच्या राज्यातून सुटलो ते 13 महिन्यांनी, 17 सप्टेंबर 1948 ला. त्यामुळे आमच्याकडे या दिवसाच्या झेंडावंदनाला 15 ऑगस्टइतकाच मान.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. दीड वर्षाचा असताना ताप आला, कुणीतरी तापातच सुई टोचली, आणि ताप उतरला तेव्हा डावा पाय लुळा पडला होता. पोलिओ. पल्स पोलिओची मोहीम 1995 ला सुरू झाली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. डावा हात मांडीवर दाबूनच तो पाऊल टाकतो. त्याची प्रत्येक पँट आधी तिथेच विरते, आणि माय तिथेच ठिगळ लावते.

दहावीनंतर तो पाण्याच्या मोटारी भरायला, म्हणजे जळालेल्या मोटारीत नव्या तारेचे वेढे घालायला शिकला. 2016 चा उन्हाळा आठवतो ना? लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो. गावात एकाच बोअरला पाणी उरलं होतं आणि नेमकी त्याचीच मोटार जळाली. शहरातला मिस्त्री म्हणाला, चार दिवस लागतील. दादा म्हणाला, "आणा इकडं." बोअरच्या मोटारीची तार प्लास्टिकच्या आवरणाची असते, एकेक वेढा हातानं ओवावा लागतो. रात्रभर बॅटरी धरून मी त्याच्या शेजारी बसले होते. वेढे मोजताना तो बोलत नाही, आपणही बोलायचं नसतं. पहाटे बोटांची सालटं निघाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीत पाणी पडलं. पैसे त्याने फक्त तारेचे घेतले.

त्या सप्टेंबरात सरपंच घरी आले आणि म्हणाले, यंदा झेंडा तू चढवायचा. एक मात्र मला मुद्दाम लिहायचंय. याआधीही दादाचा सत्कार झाला होता, 3 डिसेंबरला, अपंग दिनाचा. शाल, नारळ आणि 'बिचारा' म्हणणारं भाषण. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नव्हता. या वेळी माइकवरून नाव घेतलं ते असं: "आपल्या गावचे मोटारीचे मिस्त्री." पायाचा उल्लेखच नाही. बायकांच्या रांगेत उभी होते मी, हुंदकाच फुटला.

कट्ट्याला तीन पायऱ्या. दोन पोरं धरायला पुढं झाली, त्यानं मान हलवली. पण खरी अडचण वर होती. दोरी ओढायला दोन्ही हात लागतात, मग मांडीला आधार कशाचा? त्यानं पाठ खांबाला टेकवली, उजव्या पायावर सगळा भार घेतला आणि हात सोडला. झेंडा न अडकता सरसर वर गेला. मग खांबापासून बाजूला होऊन तो राष्ट्रगीताला सरळ उभा राहिला, दोन्ही हात खाली. 52 सेकंद. डावी पँट थरथरताना मला दिसत होती. मायनं झेंड्याकडं पाहिलंच नाही, ती त्या पायाकडंच बघत होती. आबांनी, जे त्याला चौथीपर्यंत खांद्यावर बसवून शाळेत नेत होते, टोपी काढून डोळे पुसले.

पुढे दिव्यांगांसाठीच्या 5 टक्के निधीतून पंचायतीनं तिथं उतार बांधला. त्यासाठी अर्जावर अर्ज दादानंच केले होते.

त्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर तो पांढऱ्या सदऱ्यातच दुकानावर गेला, वस्तीवरची एक मोटार भरायची राहिली होती. दिवस मावळायच्या आधी मला हाक मारली, "चल, उतरवायचाय." आम्ही दोघांनी झेंडा उतरवला. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली घ्यायचा, मग पांढरा असा दुमडायचा की चक्र वर राहील, हे त्यानं मला तिथं शिकवलं. माझे डोळे भरलेले पाहून म्हणाला, "रडायलीस काय? नीट धर, खाली टेकेल."

मी नीट धरला.