क्रीडन्ससारखं आणखी कुणाचं ऐकावं?

तुम्ही म्हणता, क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल हा अमेरिकन रॉक बँड ऐकून संपला आणि गाण्यांचं ॲप 'असेच आणखी कलाकार' म्हणून फिरून फिरून ईगल्स आणि फ्लीटवुड मॅकच पुढे करतं. करणारच. तुमच्यासारखे बाकीचे श्रोते काय ऐकतात यावर त्याचा बराचसा हिशेब चालतो. त्यात वाईट काही नाही, पण क्रीडन्सचा तो चिखलातून आल्यासारखा ठेका ईगल्समध्ये कुठून सापडणार?

गवई आवडला की आपण त्याचा गुरू कोण हे विचारतो. इथेही तेच करा. बँडने कुणाची गाणी घेतली ते बघा. गाण्याच्या माहितीत गीतकार-संगीतकाराचं नाव असतं, तेवढं पुरतं.

क्रीडन्सचा १९७० चा 'कॉस्मोज फॅक्टरी' हा अल्बम घ्या. अकरा गाण्यांपैकी चार दुसऱ्यांची आहेत. एक बो डिडलीचं, एक मार्विन गेने गाजवलेलं (ते यांनी अकरा मिनिटं ताणलंय, मला तरी चालतं), एक आर्थर क्रुडपचं आणि 'ऊबी डूबी' हे रॉय ऑर्बिसनचं पहिलं हिट. 'लुकिन आउट माय बॅक डोअर'मध्ये तर क्रीडन्सचा गायक जॉन फोगर्टी बक ओवेन्स या कंट्री गायकाचं नावच घेतो, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या कंट्री संगीताची वाट आयतीच मिळाली. आणि 'ट्रॅव्हलिन बँड' लिटल रिचर्डच्या गाण्याच्या इतकं जवळ गेलं की खटला झाला आणि तो बाहेरच्या बाहेर मिटवावा लागला. एका अल्बमवर महिनाभराचं ऐकणं!

त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं 'सुझी क्यू' मुळात डेल हॉकिन्सचं, १९५७ चं. त्यात गिटार वाजवणाऱ्या जेम्स बर्टनचा माग काढा. हा माणूस पुढे रिकी नेल्सनकडे होता, १९६९ पासून एल्व्हिसच्या बँडमध्ये, मग ग्रॅम पार्सन्स आणि एमिलू हॅरिसच्या रेकॉर्डवर. वादकाच्या मागे गेलं की गायकाच्या मागे जाऊन कधी न भेटणारी माणसं भेटतात.

क्रीडन्सच्याच 'विली अँड द पूअर बॉइज' या अल्बमवरची 'कॉटन फील्ड्स' आणि 'द मिडनाइट स्पेशल' तुम्हाला लेड बेली या जुन्या लोकगीत-ब्लूज गायकाकडे नेतील. त्याचं बारा तारांचं गिटार जुन्या, खरखरीत ध्वनिमुद्रणातही अंगावर येतं. तिथून गिटारवादक राय कूडर. त्याच्या १९७६ च्या 'चिकन स्किन म्युझिक'वर लेड बेलीची गाणी आहेत. विश्वमोहन भट्टांबरोबर 'अ मीटिंग बाय द रिव्हर' करून ग्रॅमी मिळवणारा तो हाच.

आता गंमत अशी की लुइझियानाच्या दलदलीची गाणी करणारा फोगर्टी स्वतः कॅलिफोर्नियाचा. खरा लुइझियानाचा पाहिजे असेल तर गायक टोनी जो व्हाइट. 'पोक सॅलड ॲनी' लावा, आवाज जरा मोठा ठेवा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर तोच आहे.

त्यानंतर 'द बँड' याच नावाचा बँड. पाचातले चार कॅनडाचे, आर्कान्सासचा फक्त लीव्हॉन हेल्म, आणि गाणी मात्र अमेरिकेच्या दक्षिणेची. १९६९ चा त्यांचा दुसरा अल्बम आधी ऐका. क्रीडन्सनंतर तो संथ वाटेल, म्हणून गाडी चालवताना नको, रात्री निवांत लावा.