शोधनिबंधांचं रिपोर्टिंग तपासायला बसताय? आधी एवढंच करा

भाऊ, एकदम सगळा गठ्ठा हातात घेऊ नका. पाच निबंधांवर हात बसू द्या.

आधी अभ्यासाचा प्रकार ओळखा, मग निबंधात काय काय लिहिलेलं हवं याची यादी निवडा. यादृच्छिक चाचणीला (रुग्ण कोणत्या उपचारगटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं ती) कन्सॉर्ट (2025 च्या आवृत्तीत 30 मुद्दे), निरीक्षणात्मक अभ्यासाला (उपचार न ठरवता फक्त नोंदी घेतात तो) स्ट्रोब (22 मुद्दे). नंदुरबारच्या सिकलसेल सर्वेक्षणाला कन्सॉर्ट लावलंत तर रकाने 'लागू नाही'नेच भरतील.

नवख्यांची खरी चूक होते ती यादीतल्या मुद्द्यापुढे 'हो' देण्यात. "रुग्णांची यादृच्छिक विभागणी केली" एवढ्यावर 'हो' देऊ नका. कोण कोणत्या गटात जाणार याचा क्रम कसा तयार केला, रुग्णाची नोंदणी करणाऱ्यापासून तो कसा लपवला, हे लिहिलेलं हवं. सर्वेक्षणात किती जणांना बोलावलं, किती आले, रक्ताची कोणती तपासणी केली, नमुन्याचा आकार कसा ठरवला? हे शेवटचं तर फार वेळा गायब असतं. लेखक धुळ्या-जळगावचे, ओळखीचे असले तरी रिकाम्या जागा मनाने भरू नका. कागदावर नाही म्हणजे नाही.

- प्रत्येक 'हो'पुढे पान क्रमांक लिहा.
- दोघांनी वेगवेगळं तपासा, मग मतभेद बसून मिटवा.
- गुणांची बेरीज करून निबंधांना क्रमांक देऊ नका. शीर्षकातली उणीव आणि मुख्य निष्पत्तीतली (अभ्यासात मुख्यतः जो परिणाम मोजायचा तो) उणीव सारखी नसते.

भारतातली चाचणी असेल तर सीटीआरआयवरची (भारतातल्या चाचण्यांची नोंदवही) नोंद उघडा आणि मुख्य निष्पत्ती निबंधात दिली तीच आहे का बघा. काम नीट लिहिलंय म्हणजे नीट केलंय असं नाही, पण पूर्वग्रहाचा धोका (निकाल एका बाजूला झुकण्याचा) मोजायची साधनं वेगळी आहेत. ती आणि कप्पा (दोन तपासणाऱ्यांची मतं किती जुळतात त्याचा आकडा), दोन्ही नंतर.