काळ बिघडलाय, की मोबाइल बोलका झालाय?

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर रोज मारामारीचे, चाकूहल्ल्याचे व्हिडिओ येतात. आमच्या लहानपणी ठाणं असं नव्हतं. समाज खरंच हिंसक होत चाललाय का? (एक वाचक, नौपाडा)

उत्तर : खुनांपुरतं बोलायचं तर उलटंच झालंय. मोजायला खूनच घ्यायचा, कारण धक्काबुक्की नोंदली जाईलच असं नाही, पण खून सहसा दडवता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबात 1992 साली देशात 40,105 खून नोंदले गेले, म्हणजे लाख लोकांमागे 4.6. 2022 साली 28,522, म्हणजे लाखामागे 2.1. मधल्या काळात लोकसंख्या दीडपटीहून जास्त झाली. आणि लहानपणाचं म्हणाल, तर 1984 ची भिवंडीची दंगल याच जिल्ह्यातली. नव्वदच्या दशकात खंडणीचे फोन आणि टोळ्यांचे गोळीबार इतके नित्याचे झाले होते, की 1999 मध्ये मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा आणावा लागला. आठवणीतून हे गळतं, गल्लीतला क्रिकेटचा डाव तेवढा उरतो.

इथे एक मेख आहे. खून घटले तरी खुनाच्या प्रयत्नाचे गुन्हे या काळात वाढलेत. याचा थोडा वाटा दवाखान्याचा असू शकतो : पूर्वी भोसकलेला माणूस रिक्षातच दगावायचा, 2014 पासून आपल्याकडे 108 ची रुग्णवाहिका आहे. थोडा वाटा कलम लावण्याच्या सवयीचाही. शिवाय एका गुन्ह्यात चार कलमं असली तरी विभाग त्यातलं सर्वांत गंभीर तेवढंच मोजतो. खुनाबरोबरचा हलका गुन्हा त्याच्या रकान्यात दिसतच नाही. म्हणून एकच रकाना पाहून ‘वाढलं’ किंवा ‘घटलं’ म्हणणं फसवं.

मग भीती का वाढते? अमेरिकी संशोधक जॉर्ज गर्बनर यांनी टीव्हीच्या काळातच दाखवलं होतं, की जास्त टीव्ही पाहणाऱ्यांना जग आहे त्याहून धोक्याचं वाटतं. आता पडदा खिशात आहे. कुठल्याशा शहरातली क्लिप नवी मुंबईत घणसोलीच्या ग्रुपवर ‘आपल्याच नोडमधली’, म्हणजे आपल्याच वसाहतीतली, म्हणून फिरते. पुढे ढकलण्याआधी ती थांबवून बघा : गाड्यांच्या पाट्यांवर एमएच 43 (नवी मुंबई) किंवा एमएच 04 (ठाणे) आहे का, दुकानांच्या फलकांची लिपी कोणती, मे महिन्यात लोक रेनकोट घालून का उभे आहेत. ही नुसती हौस नव्हे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसं ठेचून मारली. हिंसेच्या खोट्या बातमीने खरी हिंसा घडवली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणली.

प्रश्न : मग खून होतात ते नेमके कशावरून? गुंडांच्या टोळ्यांतूनच ना? (एक वाचिका, खारघर)

उत्तर : नाही. 2022 च्या नोंदींत सर्वाधिक, म्हणजे 9,962 खून ‘वाद’ या कारणाखाली आहेत. जुनं वैर 3,761, पैशाचा वा अन्य लाभ 1,884. वाद म्हणजे जमीन, पैसा, घरातली कुरबुर आणि क्षुल्लक भांडणंही.

ते पेटतं कसं, हे पार्किंगच्या भांडणात नीट दिसतं. रात्री साडेदहा, गेटसमोर आडवी लावलेली गाडी. पहिलं वाक्य गाडीबद्दल असतं : “काढा हो जरा.” दुसरं माणसाबद्दल : “कळत नाही का?” तिसरं ऐपतीबद्दल : “मला ओळखत नाहीस तू.” इथवर आलं की गाडी बाजूला पडते. बाल्कन्यांत माणसं उभी असतात, कुणीतरी शूटिंग सुरू केलेलं असतं आणि मागे हटणं म्हणजे इज्जत जाणं होऊन बसतं. पोटात दारू असली तर तिसरं वाक्य पहिलंच येतं.

सोडवायचं तर दुसऱ्या वाक्यालाच. ‘शांत व्हा’ म्हणू नका, त्याने माणूस आणखी भडकतो. कमी तापलेल्याला नावाने हाक मारून दुसऱ्याच्या नजरेआड न्या, पार लिफ्टपर्यंत. कुणाचे हात मागून धरू नका. धरलेल्याला समोरचा मारतो आणि दोष धरणाऱ्यावर येतो. अंगातली तार उतरायला वीसेक मिनिटं तरी लागतात, तेवढ्यात ‘समझोत्याला’ परत समोरासमोर आणू नका. हत्यार दिसलं तर मध्ये पडायचंच नाही, 112 लावायचा. ‘हल्ली कुणी मध्ये पडत नाही’ हेही पूर्ण खरं नव्हे. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउनमधल्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, तेव्हा दहांपैकी नऊ प्रसंगांत निदान एक तरी बघ्या पुढे झालेला होता.

प्रश्न : या आकड्यांत घरातली मारहाण येते का? (एक वाचिका, ऐरोली)

उत्तर : फारच थोडी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 29.3 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या स्त्रिया मात्र 14 टक्केच. रस्त्यावरच्या एका क्लिपवर तावातावाने बोलणाऱ्या ग्रुपला वरच्या मजल्यावरचा आवाज ‘त्यांचा घरगुती मामला’ वाटतो, हे आम्हाला जास्त खटकतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे शेजारीही माहिती देऊ शकतो. महिला हेल्पलाइन 181.

प्रश्न : भावाला तिघांनी मारलं. पोलिसांनी नुसती एनसी लिहून दिली. आता? (एक वाचक, कळवा)

उत्तर : हातबुक्क्यांची साधी मारहाण भारतीय न्याय संहितेच्या कलम 115(2) मध्ये येते. ती अदखलपात्र, म्हणून एनसी. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिस तिचा तपास करत नाहीत. धारदार वा घातक हत्यार असेल तर 118, हाड मोडलं, दात पडला किंवा पंधरा दिवस नेहमीची कामं करता आली नाहीत तर 117 ची गंभीर दुखापत. हे दोन्ही दखलपात्र. बहुतेकांचं इथेच चुकतं : आधी चौकीत वाद घालतात आणि दवाखान्यात दुसऱ्या दिवशी जातात, तोवर सूज उतरलेली असते. त्याच रात्री सिव्हिल किंवा महापालिका रुग्णालयात एमएलसी, म्हणजे पोलिसी कामासाठीची जखमांची वैद्यकीय नोंद, करून घ्या. डॉक्टरांना नुसतं ‘मारलं’ न म्हणता कशाने, कुठे, किती वाजता ते सांगा. नंतर एक्स-रेत फ्रॅक्चर निघालं तर तो कागद घेऊन पुन्हा जा आणि कलम वाढवायला सांगा. एफआयआर घेतच नसतील तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस उपायुक्तांना पाठवा, मग दंडाधिकारी. एनसीवरही चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, होऊन समोरच्याकडून शांतता राखण्याचा बाँड घेता येतो. तशी मागणी लेखीच करा.

सोसायटीच्या कॅमेऱ्याचं मात्र आजच बघा. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा, जुनं चित्रण पुसत नवं भरतो, अनेक ठिकाणी पंधरा-तीस दिवसांतच. कॉपी घेताना त्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ शेजारी ठेवून फरक लिहून ठेवा. डीव्हीआरचं घड्याळ पुष्कळदा वीस मिनिटं मागे नाहीतर तासभर पुढे असतं, आणि समोरचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.