पश्चात्ताप करूनही क्षमा मिळाल्यासारखे का वाटत नाही?

“मी पुन्हा पुन्हा पश्चात्ताप करतो, तरी क्षमा मिळाल्यासारखे वाटत नाही, माझा विश्वासच खोटा आहे का?” मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर एका अनुभवाच्या आधारे देत आहे. संबंधित गृहस्थांची संमती घेतली असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जालना जिल्ह्यातील हे शेतकरी पन्नाशीचे आहेत. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली, त्या काळापासून त्यांच्या घराण्यात ख्रिस्ती विश्वास चालत आलेला आहे. त्यामुळे विश्वास तर आपल्याकडे आहेच, उणा पडतो तो पश्चात्ताप, अशी त्यांची पक्की समजूत होती. उपवास, रात्रीच्या प्रार्थना, उपासनेत रडणे हे सारे चालू होते. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ उपासनेत घेतली जाणारी भाकर व द्राक्षरस, मात्र ते कित्येक वर्षे घेत नव्हते. कारण दुसऱ्या भेटीत कळले. वडील वारल्यावर, हा वारसनोंदीचा कागद आहे असे सांगून त्यांनी थोरल्या बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा मिळतो, हे त्यांना ठाऊक होते, आक्कांना नव्हते.

“देवाजवळ हे मी किती वेळा कबूल केलं असेल, ताई,” ते म्हणाले. आक्कांजवळ कधी कबूल केले का, असे विचारल्यावर त्यांनी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील वचन काढले: आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. जमीन परत केल्याशिवाय देव मला स्वीकारणार नाही, आणि परत करण्याचे धैर्य माझ्यात नाही, म्हणून मी रडत राहतो, असा त्यांचा हिशेब होता.

‘जा आणि जमीन परत करा’ हे सांगणे सोपे होते, परंतु मी तेथून सुरुवात केली नाही. अश्रूंचे हप्ते भरून ते क्षमा विकत घेऊ पाहत होते. ती दान म्हणून मिळते, यावर त्यांचा भरवसा नव्हता. देवाने आपल्याला स्वीकारले आहे याची ज्याला खात्री नाही, त्याच्याजवळ टेकायला गावातील अब्रू तेवढी उरते, आणि ती पणाला लावणे त्याला जमत नाही. त्यांच्या आज्ञाभंगाचे मूळ माझ्या मते या अविश्वासात होते. येशूने ‘पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा’ (मार्क १:१५) या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगितल्या, कारण पापाकडे पाठ फिरवणारा माणूस ज्याच्याकडे तोंड करतो, तो ख्रिस्तच असतो.

येशूला धरून देणारा यहूदा आणि ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणारा पेत्र, या दोन शिष्यांच्या गोष्टी आम्ही शेजारी ठेवून वाचल्या. यहूदाला पस्तावा झाला, त्याने निर्दोष माणसाचा घात केल्याचे कबूल केले आणि चांदीची तीस नाणीही परत केली. भरपाईच मोजायची, तर त्या रात्री नुसता रडलेला पेत्र त्याच्या मागे पडतो. पण यहूदा येशूकडे वळला नाही. पेत्राचा विश्वास ढळू नये म्हणून येशूने आधीच प्रार्थना केली होती (लूक २२:३२), आणि पुढे त्याच पेत्रावर मेंढरे चारण्याचे काम सोपवले गेले. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय या जकातदाराच्या बाबतीतही येशू आधी त्याच्या घरी उतरला. चौपट परत करण्याचे वचन त्यानंतर आले. चूक कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढेच लेवीय सहाव्या अध्यायात सांगितले आहे. जक्कयाने स्वतः होऊन त्याहून कितीतरी अधिक देऊ केले, आणि येशूनेही ‘आता त्याची गरज नाही’ असे म्हटले नाही.

हे शेवटचे वाक्य मला ठासून सांगावे लागले, कारण “मग क्षमा आधीच आहे, तर आक्काला कशाला सांगायचं?” असे ते लगेच म्हणाले. कृतीवाचून असलेला विश्वास निर्जीव आहे, असे याकोब म्हणतो. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातही कृपेने तारण झाले असे सांगितल्यावर लगेच सत्कृत्यांची वाट दाखवलेली आहे.

ज्यांना असे कोणतेही ठोस पाप आठवत नाही, तरी दिवसभर अपराधीपणा छळतो, त्यांनी पाळकांबरोबरच मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटावे. त्यांच्यावर आणखी पश्चात्तापाचे ओझे घालणे मला क्रूर वाटते.

पुढे ते परभणी जिल्ह्यात आक्कांच्या घरी गेले आणि सारे खरे सांगितले. आक्का खूप बोलल्या, आणि त्यांनी इतक्या वर्षांच्या मोसंबीच्या उत्पन्नाचाही हिशेब मागितला. तो मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. आक्का क्षमा करेपर्यंत प्रभुभोजनापासून दूर राहू का, असे त्यांनी मला विचारले. मी नाही म्हटले. मत्तयातील वचन माणसाला समेटाच्या वाटेवर पाठवते, देवापासून दूर ठेवत नाही; आणि पौलही करिंथकरांस सांगतो की माणसाने आत्मपरीक्षण करावे आणि मग ती भाकर खावी. आक्कांची क्षमा मागता येते, तिच्यावर हक्क सांगता येत नाही. पुढच्या प्रभुभोजनाला ते सहभागी झाले. वकिलांच्या सल्ल्याने आक्कांच्या वाट्याचे बक्षीसपत्र तयार होत आहे, आणि उत्पन्नाची रक्कम ते हंगामागणिक फेडत आहेत; आक्का अजून त्यांच्याशी फारसे बोलत नाहीत.